रामाचा राजा हरवलेला गंजिफा

बेळगावात शहापूरच्या आमच्या घराची कौलं उतरवायची ठरली म्हणून दादानं माळा रिकामा करायला बोलावलं. मी टिळकवाडीत राहते, रविवारी सकाळी स्कूटी काढली आणि लेकीला मागे बसवून गेले. माळ्यावर जे असतंय तेच होतं, फुटका बंब, दोन कंदील, जेवणाचे पाट, मांडे भाजायचं खापर, आजोबांच्या वह्यांचे गठ्ठे आणि त्यातले निम्मे उंदरांनी खाल्लेले. त्या गठ्ठ्यांच्या मागे एक लाकडी पेटी सापडली, दीड वीत लांब असेल, सरकत्या झाकणाची, झाकणावर काहीतरी चित्र होतं पण धुरानं सगळं काळं झालेलं. झाकण सरकवलं तर आत गोल चकत्या, एकावर एक रचलेल्या, कुणी पैसे रचून ठेवावेत तशा. एक उचलली, लाल जमिनीवर पाच मासे काढलेले. दुसरी उचलली तर त्यावर कासवं. लेक म्हणाली आई हे कोस्टर आहेत काय गं, आणि खरं सांगते मलाही तसंच वाटलं.

मग मी जे केलं त्याचं अजून वाईट वाटतं. ओलं फडकं घेतलं आणि त्यातली एक चकती पुसली. धूळ निघाली आणि धुळीबरोबर एका कासवाची पाठही निघाली, हिरवा रंग फडक्यावर आला. वरची लाख जिथं उडालेली तिथं खाली नुसता रंग होता, पाणी लागल्यावर तो कशाला थांबतोय. तिथंच हात थांबवला. तुमच्या घरात असं काही जुनं रंगवलेलं सापडलं तर पाणी लावू नका, कोरड्या मऊ ब्रशनं धूळ झटका आणि गप्प ठेवून द्या, एवढं तरी माझ्यावरून शिका.

दुपारी भांडी-लोखंड घेणारा एक माणूस आलेला बंब न्यायला. तो म्हणाला पेटी पण टाका की त्यातच, एकदम हिशोब करूया. दादा देणार होता, त्याचंही चुकलं असं नाही, कुणाला माहीत होतं ते काय आहे. शेजारच्या कन्नड मावशी आल्या, त्यांनी एक चकती हातात घेऊन उन्हात धरली आणि म्हणाल्या चंद ऐती, म्हणजे छान आहे, लहानपणी आम्ही चौकाबारा खेळायचो तसलाच काहीतरी खेळ असणार हा, देऊ नका. त्या खेळ म्हणाल्या म्हणून मग मी फरशीवर मांडायला बसले. मासे एकीकडे, कासवं एकीकडे, परशु, तलवारी, बाण सगळं वेगवेगळं. दहा ढीग झाले. प्रत्येक ढिगात एकपासून दहापर्यंत चिन्हं असलेल्या चकत्या आणि दोन चित्रांच्या, एकात देव बसलेला, एकात घोड्यावर कुणीतरी. म्हणजे ढिगाला बारा, एकूण 120 पाहिजेत. मोजल्या तर 113. सात नव्हत्या.

संध्याकाळी पेटी घेऊन वडगावला आत्याआज्जीकडे गेलो. बाबांची आत्या ती, वय 88, एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्यानं अंधुक दिसतंय. पेटी तिच्या मांडीवर ठेवली तर तिनं झाकणावरून हात फिरवला आणि कुणी काही सांगायच्या आत म्हणाली, "गंजिफा सापडला व्हय! राम कुठं आहे बघ ह्यात आधी."

राम म्हणजे बाणांच्या ढिगातला राजा. तोच नव्हता.

तिनं सांगितलं ते असं. गंजिफा म्हणजे पत्ते, पण आपल्या पत्त्यासारखे चार रंग नाहीत, दशावतारी गंजिफात दहा रंग, दहा अवतारांचे. मच्छ, कच्छ, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बौद्ध, कलंकी. प्रत्येक रंगाचा एक राजा, एक प्रधान आणि दहा पानं. तिघं खेळायला बसायचं, प्रत्येकाला चाळीस पानं. आणि डाव कुणी सुरू करायचा तर दिवसा खेळत असाल तर ज्याच्याकडे रामाचा राजा येईल त्यानं, दिवेलागण झाल्यावर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे असेल त्यानं. हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. म्हणजे उजेड बघून खेळ बदलतोय! मी विचारलं मग राम गेला कुठं, तर म्हणाली, "एका रामनवमीला आईनं पाळण्यात मूर्तीबरोबर तो पण ठेवला. खेळातला झाला म्हणून काय, रामच की तो. पाळणा आवरताना कुठं गेला तो गेलाच. मग दादानं डाव मांडणंच सोडलं." तिचा दादा म्हणजे आमचे आजोबा.

लेक म्हणाली चला आता रात्र झाली कृष्णावर खेळूया, तर आत्याआज्जी नाही म्हणाली. सात पानं कमी, वाटणी सारखी होत नाही, मोडका डाव मांडू नये. "पुरा करून आण, मग बसते." आणि कुठं करायचा ते पण तिनंच सांगितलं, वाडीला, राजवाड्यात.

वाडी म्हणजे सावंतवाडी. आमचे पणजोबा तिथून आंबोली घाट चढून बेळगावला आले, व्यापारासाठी. तेव्हा वाडी संस्थानात आणि बेळगाव मुंबई इलाख्यात, ह्या दोहोंत आजच्यासारखी राज्यांची सीमा नव्हती, ती आली 1956 साली बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं तेव्हा. आत्याआज्जी सात-आठ वर्षांची असताना आली, त्यामुळे तिच्या बोलण्यात वाडी अजून आपल्या गावासारखी असते, आम्हाला मात्र वाडी म्हणजे मालवणला जाताना चहाला थांबायचं ठिकाण. इतक्या वेळा त्या मोती तलावाच्या कडेनं गेलोय, समोर राजवाडा दिसतोय, आत कधी पाऊल टाकलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी निघालो, मी, दादा, लेक. पेटी लेकीच्या मांडीवर, मऊ जुन्या लुगड्यात गुंडाळून. हिंडलगा, मग बाची, बाची संपलं की शिनोळीला महाराष्ट्र सुरू, पाट्या बदलतात, माणसं तीच. पाटणे फाटा, नांगरतास, आंबोलीत धुकं इतकं की दादानं दिवे लावून गाडी चालवली, घाट उतरून दाणोलीला आलो की एकदम गरम दमट हवा, आणि थोड्या वेळात वाडी. साधारण अडीच तास गेले.

राजवाडा जांभ्या दगडाचा, लालसर, समोर झाडं आणि पलीकडे तलाव. वाडीचे राजे खेम सावंत तिसरे यांच्या काळातला, त्यांची कारकीर्द 1755 ते 1803. सावंत-भोसले घराणं अजून तिथंच राहतंय. आपल्या मनात म्युझियम म्हणजे ओसाड इमारत आणि खुर्चीवर पेंगणारा वॉचमन असतो, तसं इथं नाही, हे घर आहे आणि घराचा एक भाग त्यांनी लोकांसाठी उघडा केलाय. तिकीट काढून आत गेलो. दरबार हॉल, उंच छत, जुने फोटो, वाडीचे राजे बापूसाहेब महाराजांचा फोटो बघून मी मुद्दाम थांबले कारण आत्याआज्जीचा जन्म ते गेले त्या सुमाराचा, 1937 चा, आणि तिच्या घरी त्यांचं नाव देवासारखं घ्यायचे. त्यांच्या कारभाराला गांधीजींनी रामराज्य म्हटलं होतं हे तिनं आम्हाला लहानपणापासून शंभरदा सांगितलंय.

पण खरं बघायचं ते त्याच हॉलमध्ये बाजूला. तिथं कलाकार बसून काम करत होते. एका टेबलावर चाळीसेक गोल पानं वाळत ठेवलेली, एक ताई बारीक ब्रशनं घोड्याचा लगाम काढत होत्या, एक रेघ, पुन्हा ब्रश बुडवायचा, पुन्हा एक रेघ. लेक त्यांच्याजवळ उभी राहिली ती हलेचना. काचेच्या कपाटात जुने गंजिफा आणि चार पावलांवर तेच काम ताजं चाललेलं, असं मी कुठंच बघितलेलं नाही.

मी पेटी उघडून समोर ठेवली. ताईंनी आधी हात पुसले, मग एक पान उचललं, कडेवर नख फिरवलं, मागची बाजू बघितली, आणि बाजूच्या वयस्कर कलाकारांना हाक मारली. त्या दोघांनी मिळून जे सांगितलं ते मी घरी येऊन लिहून ठेवलं. आमचा गंजिफा बाजार कलमचा. म्हणजे गंजिफा दोन तऱ्हेचे, दरबारी कलम आणि बाजार कलम. दरबारी म्हणजे कडेला नक्षीची पट्टी, भरगच्च काम, राजेरजवाड्यांसाठी, आणि बाजार कलम साधं, कडेला नक्षी नाही, चित्र चार रेघांत उरकलेलं, साध्या घरात खेळायला. मला वाटलं आमचा हलका निघाला, पण त्या काका म्हणाले की हा जास्त खेळला गेलाय, कडा बघा कशा हातानं गोल गुळगुळीत झाल्यात, दरबारी असता तर एवढा हात लागला नसता. मग त्यांनी जिथून लाख उडालेली ते पान उजेडात धरून दाखवलं, आत कापडाचे धागे दिसत होते. जुन्या कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीनं एकावर एक चिकटवायचे, वाळले की गोल कापायचे, वर खडूचा हात द्यायचा, दगडानं घोटून गुळगुळीत करायचं, मग जमिनीचा रंग, मग चित्र, मग लाख. आता कापडाऐवजी जाड कागद वापरतात, पण चित्र अजून प्रत्येक पानावर हातानंच. पुसलेलं कासव मी त्यांना दाखवलं आणि माझ्याकडून झालं म्हणून सांगितलं. ते काही रागावले नाहीत, फक्त म्हणाले आता ह्याला तसंच राहू दे, त्यावर रंग चढवायचा नाही.

एक गोष्ट ऐकून मी फार वेळ गप्प झाले. 1970 च्या सुमाराला ही कला वाडीत जवळजवळ संपली होती. चितारआळीत लाकडी खेळणी, लाखेचं काम चालू होतं पण गंजिफा करणारे पुंडलिक चितारी नावाचे एक म्हातारे कलाकार तेवढे उरलेले. वाडीचे राजेसाहेब शिवरामराजे आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवींनी त्यांच्याकडून हे काम शिकून घेतलं, गावातल्या मुलांना शिकवलं आणि राजवाड्यातच बसायला जागा दिली. सत्त्वशीलादेवी बडोद्याच्या गायकवाडांच्या लेक, स्वतः ब्रश घेऊन बसायच्या. त्या 2018 साली गेल्या. विचार करा, एक म्हातारा माणूस आणि त्याच्याकडून शिकणारं एक घर, एवढ्यावर सगळं अडकलेलं होतं, ते दोघं भेटले नसते तर मी ही सात पानं करायला कुणाकडे नेली असती? आता सावंतवाडीच्या गंजिफाला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन पण मिळालंय. आणि हा खेळ किती जुना तर बाबरानं 1527 साली सिंधमध्ये ठठ्ठ्याला शाह हुसेनला गंजिफा पाठवल्याचं स्वतः लिहून ठेवलंय. बाबरापासून आमच्या शहापूरच्या माळ्यापर्यंत!

सात पानांचं विचारलं. सुट्टी पानं सहसा करत नाहीत, पूर्ण संच करतात, पण पेटी बघून ते तयार झाले. एक अट घातली आणि ती मला फार आवडली, नवीन पानं मुद्दाम जुनी दिसतील अशी ते करणार नव्हते. रेघ बाजार कलमची, मापही जुन्याचंच, पण रंग आजचा ताजा. जुन्याचं सोंग आणायचं नाही. मापासाठी आणि रेघेसाठी मी चार पानं त्यांच्याकडे ठेवली, दादाला धाकधूक होती, माझ्या मनात अजिबात शंका नव्हती.

तिथंच दुकान आहे, म्युझियम बघून झालं की लोक तिकडे वळतात. गंजिफाचे संच, लाखकाम केलेल्या पेट्या, ट्रे, गंजिफाची चित्रं असलेले कोस्टर. हो, कोस्टर. लेकीनं माझ्याकडे बघितलं. आधी मला जरा लागलं की देवाच्या चित्रावर कप काय ठेवायचा, पण नंतर विचार केला, पूर्ण दशावतारी संच म्हणजे 120 हातानं काढलेली चित्रं, त्याची किंमत तशीच असणार आणि रोज कोण घेणार, रोज विकतात ते कोस्टर आणि छोट्या पेट्या, त्यावर त्या ताईंचा महिना निघतो आणि मग संच करायला हात तयार राहतो. संच घेणं आम्हाला परवडत नव्हतं, एक पेटी घेतली आत्याआज्जीच्या औषधांसाठी. तुम्ही गेलात तर घाईत फोटो काढून बाहेर पडू नका, कलाकारांजवळ पंधरा मिनिटं उभं राहा, विचारा, ते मनापासून सांगतात. आणि काहीतरी घ्या. बघायच्या वेळा आधी विचारून निघा, एवढ्या लांबून जायचं आणि दार बंद मिळायचं असं व्हायला नको.

पुढचे काही आठवडे आत्याआज्जी रोज फोन करायची. "आला काय गं राम?" मधल्या काळात लेकीनं तिच्याकडून नियम शिकून घेतले, चिठ्ठ्या करून. ह्यात सगळ्यात अवघड काय तर दहा रंगांपैकी पाच रंगांत प्रधानाच्या खाली दहा मोठा आणि पाच रंगांत उलटं, प्रधानाच्या खाली एक्का मोठा आणि दहा सगळ्यात लहान. आणि तुरुपबिरुप काही नाही. कुठलं पान होऊन गेलं आणि आता त्या रंगात सगळ्यात मोठं कुठलं उरलंय, ते लक्षात ठेवणं हाच सगळा खेळ. 120 पानं डोक्यात. मला बावीस-पंचवीस पानांच्या पुढे जमत नाही. आत्याआज्जीला काल कुठली गोळी घेतली ते आठवत नाही, पण नरसिंहाचा प्रधान कुणी टाकला ते आठवतं.

फोन आला तसे आम्ही परत गेलो. पानं पातळ कागदात गुंडाळून ठेवलेली. आमची चार जुनी वेगळी काढून पहिल्यांदा हातात दिली, मग नवीन सात. रामाचा राजा शेवटी उघडला. निळा राम, आसनावर बसलेला, चेहरा अगदी थोड्या रेघांत, जमिनीचा रंग लखलखीत लाल. बाकीच्या रामाच्या पानांचा लाल विटकरी झालेला, त्यात हा एवढा उठून दिसत होता की दादा म्हणाला जुळत नाही की गं. मला जुळला.

वडगावला पोचायला अंधार पडला. आत्याआज्जी जेवून, चटई घालून, दिवा मोठा करून बसलेली. पानं हातात घेऊन तिनं नाकाजवळ नेली, लाखेचा वास येत होता. मग सगळी 120 चटईवर उलटी पसरली, दोन्ही हातांनी कालवली, आणि वाटली, मी, ती, लेक, चाळीस-चाळीस. गोल पानं चाळीस हातात धरणं म्हणजे काय ते करून बघा, माझी तर सारखी घसरत होती, तिनं शिकवलं की सगळी धरायचीच नाहीत, रंग लावून मांडीवर रचायची आणि लागतील तेवढीच उघडायची. रात्र होती म्हणून कृष्ण. कृष्णाचा राजा तिच्याकडेच निघाला आणि तिनं तो असा ठेवला की जणू गेल्याच आठवड्यात शेवटचा डाव झालाय, मधली साठ-सत्तर वर्षं नाहीतच. पहिला डाव ती जिंकली, दुसरा पण. ते पुसलेलं कासव माझ्याकडे आलं, ते टाकताना तिनं माझ्या हातातून घेतलं, अंगठा फिरवला आणि काही न बोलता बाजूला ठेवलं. साडेअकरा वाजले तरी उठेना, दादानं घड्याळ दाखवलं तेव्हा म्हणाली बरं, पण आज इथंच झोपा, उद्या उजेडात मांडायचाय.

सकाळी आंघोळी उरकून, चहा आणि कुंदा खाऊन पुन्हा बसलो. दार सगळं उघडं, ऊन चटईपर्यंत आलेलं. तिनं पानं कालवली, वाटली, आणि थांबली. आम्ही आपापली बघायला लागलो. माझ्याकडे नव्हता. तिनं हातातली पानं डोळ्याजवळ नेऊन एकेक बघितली, मान हलवली.

लेकीनं पान चटईवर ठेवलं. उन्हात लाल एकदम पेटल्यासारखा दिसला.

"आला बघ," आत्याआज्जी म्हणाली, "आता तुझी उतारी."